सोमा, ते पिण्याच्या पाण्याचं टाकं होतं

सोमा, तू गेलास त्या दिवशी मी तुझ्या दारात चोवीस माणसं जेवायला घेऊन आलो.

नुसता आलो नाही. बसमधून उतरलो, कमरेवर हात ठेवले आणि रस्त्यावरूनच ओरडलो, "सोमाशेठ, पलटण आलीय! तवा ठेवायला सांग!" अंगात केशरी टी-शर्ट, त्यावर मागे-पुढे 'चला, भटकू या' असं छापलेलं, गळ्यात शिट्टी. तुझ्या अंगणात सगळा पाडा जमला होता. बाया एका अंगाला, बाप्ये एका अंगाला, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, ठाणे-मुलुंडचे पाहुणे येणार म्हणून लोक बघायला जमलेत. मी हात हलवला. सोमा, तुझ्या मयताला जमलेल्या माणसांना मी हात हलवून दाखवला.

मग तुझी लेक सुनंदा उठून आली. डोळे कोरडे, आवाज बसलेला. "काका, पाच वेळा फोन केला सकाळपासून. का नाय उचलला?"

तिला मी उत्तर दिलं नाही. तुला देतो. फोन तुझ्या नंबरावरून येत होता. किन्हवली सोडली तेव्हा पहिला आला, सरळगावच्या नाक्यावर दुसरा. पडद्यावर तुझं नाव दिसलं. महिनाभर तू माझ्याशी एक शब्द बोलला नव्हतास; पाहुणे येणार हा निरोपही मी तुझ्या भावाकडेच दिला होता. पाहुणे वाटेत असताना आता करतोय म्हणजे 'तुझी माणसं माझ्या दारात आणू नको' हेच सांगायला, अशी माझी खात्री. म्हटलं, पोचल्यावर बघू. चोवीस भुकेल्या माणसांसमोर सोमा काही मला हाकलणार नाही. फोन मांडीवर उपडा टाकला आणि बसमध्ये अंताक्षरी सुरू केली. सुनंदा तुझ्याच फोनवरून तू गेल्याचं सांगू बघत होती, आणि मी टाळ्यांचा ताल धरून दोन बाजू लावत होतो.

अकरा वर्षं आपलं चाललं होतं. मी शहापुरातून शनिवार-रविवारची माणसं भरायची, मुरबाड तालुक्यात तुझ्या पाड्यावर आणायची. तू त्यांना नाणेघाट चढवून लेणं दाखवायचं, परत उतरवायचं. वैनींनी जेवू घालायचं. अकरा वर्षांत एकदाच बिनसलं आणि त्यातच तू गेलास. तेव्हा मला फक्त एवढंच कळायला हवंय, की गेलास तेव्हा माझ्यावर रागातच होतास का. बाकी सगळं मी कसंही सोसेन. हे कळल्याशिवाय मला झोप लागत नाही, आणि तुला माहीत आहे, मला कुठेही झोप लागते.

तू ओटीवर होतास. चादर आखूड पडली होती, पाय बाहेर राहिले होते. डाव्या अंगठ्याचं नख काळं, दगड पडला होता ना त्यावर दोन वर्षांमागे, माझ्याच हातून. लेण्यात मागच्या भिंतीवर राजाराणीच्या मूर्ती होत्या म्हणतात. आता वर नावं कोरलेली आणि खाली कुठेकुठे नुसती पावलं उरलीत. पाहुण्यांना तिथे नेऊन तू एवढंच म्हणायचास, "हितं माणसं उभी होती. पाय राहिलं." मला ते फार कमी वाटायचं. मी पुढे घुसून दहा मिनिटं राजघराण्यातली भांडणं, रुसवे, विषप्रयोग असं सगळं सांगायचो. त्या दिवशी ओटीवर तुझे पाय बघितले, आणि मला एक शब्द सुचला नाही. मी उभाच. मागे बसचा दरवाजा उघडा, कुणीतरी लहान पोरगी विचारत होती, "आई, भाकरी कधी?"

मग भानावर आलो आणि मूर्खासारखा बसकडे पळालो. म्हटलं, यांना टोकावड्याला नेतो, मिळेल ते खायला घालतो, घरी पाठवतो. तुझा थोरला भाऊ कान्हूदादा आडवा आला.

"कुठं नेतोस त्यांना?"

"दादा, आज इथे चूल कशी पेटणार?"

"सोमाच्या घरची नाय पेटणार. पाड्याच्या चुली इझल्या काय?"

"अहो पण चोवीस माणसं—"

"त्याचे पाव्हणे हायती. काल सांजच्याला बसून पानं लावलीत त्यानं. उपाशी धाडायचे काय?"

मी ओटीच्या कोपऱ्यात बघितलं. पत्रावळींची चळत, वर दगड ठेवलेला. तू त्या लावल्या होत्यास, सोमा. रागात होतास, तरी लावल्या होत्यास. की रागात नव्हतास म्हणून लावल्यास? त्या चळतीकडे बघत मी किती वेळ हाच हिशेब मांडत बसलो होतो, सांगायची लाज वाटते. माणूस समोर निजलेला आणि मी पानांवरून त्याचं मन ओळखायला निघालो होतो.

बाया उठल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. एकेकीने दोन-दोन पाहुणे उचलले, "चला, तुमी दोघं माझ्याकडं," असं म्हणून आपापल्या घरी नेले, जाताना चळतीतली दोन-दोन पानं घेऊन. ज्या काकूंनी मला तीन वेळा फोन करून 'तेल कमी, तिखट कमी, बसायला खुर्ची' असं बजावलं होतं, त्या कुणाच्या तरी पडवीत जमिनीवर बसून भाकरी आणि खुरासणीची चटणी खाऊन आल्या, आणि सरळ वैनींच्या शेजारी जाऊन बसल्या. वैनींचा हात हातात घेतला. मला वाटलं होतं, त्या तक्रार करतील. माणसं ओळखायचा माझा हा आवाका.

एका गृहस्थांनी माझा दंड धरून हळूच विचारलं, "मग नानाचा अंगठा बघायला किती वाजता निघायचं?" तो घाटाचा सुळका, तू पायथ्यावरून बोट करून दाखवायचास. त्यांच्यावर चिडायला हवं होतं. चिडलो नाही. मलाही अजून वाटत होतं, की तू उठशील, कमरेला कोयता अडकवशील आणि म्हणशील, "चला, ऊन व्हईल."

टी-शर्ट मी उलटा करून घातला. अक्षरं मागून उमटलेली दिसतच होती. तुला खांदा दिला तेव्हा गळ्यातली शिट्टी बांबूवर टकटक आपटत होती. माझ्या ते लक्षातही नाही. कान्हूदादाने चालता चालता हात घातला, शिट्टी माझ्या डोक्यावरून काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

आपली पहिली भेट अजून लोकांना सांगतो, थोडी माझ्या बाजूने वाकवून. तुला खरी माहीत आहे. तेव्हा तहसील कचेरीबाहेर माझं झेरॉक्सचं दुकान होतं. कुणाचा तरी नाणेघाटावरचा लेख झेरॉक्स काढायला आला. मी एक प्रत स्वतःसाठी जास्त काढली, वाचली आणि त्या जोरावर सहा गिऱ्हाईकांना घाट दाखवायला निघालो. स्वतः कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. गुरांच्या वाटेला घाटाची वाट समजून तासभर फिरलो आणि शेवटी एक दगडी चौथरा, त्यावर दोन खांब, आडवं लाकूड असं काहीतरी दिसलं. मी सहाही जणांना उभं केलं आणि घसा खाकरून सांगितलं, "मंडळी, हे या प्राचीन व्यापारी मार्गाचं प्रवेशद्वार."

आतून तू आलास. हातात शेणाची पाटी.

"ह्यो माझा गोठा हाय," तू म्हणालास.

सहा जण हसले नाहीत, तेवढी त्यांची सभ्यता. तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस. "काय काम करतोस?"

"झेरॉक्सचं दुकान आहे, शहापूरला."

"म्हंजी दुसऱ्याचं बघून काढायचं. मंग रस्ता का नाय बघून आलास?"

त्या दिवसापासून मी 'झेराक' झालो. पाड्यातली पोरंसुद्धा मला 'झेराक काका' म्हणतात. त्या दिवशी तूच आम्हाला वर नेलंस, तूच परत आणलंस, आणि वैनींनी तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण आणि ती काळी खुरासणीची चटणी वाढली. चटणी बघून एकाने विचारलं, "हे जळलंय का?" वैनी म्हणाल्या, "खाऊन बघा, नायतर राहू द्या." त्याने तीन वेळा मागून घेतली. परतताना सहाच्या सहा जण मला म्हणाले, पुढच्या वेळीही याच माणसाकडे चला. माझ्याकडे चला, असं कुणीच म्हणालं नाही. धंदा तिथे सुरू झाला.

तुझं एक होतं. माणसं मोजायचा नाहीस. "माणसं काय शेरडं हायती मोजायला?" म्हणून पायथ्याशी प्रत्येकाच्या हातात पळसाच्या पानाचा एक द्रोण द्यायचास. वर कातळात कोरलेल्या टाक्यापाशी तू एकट्याने कळशी सोडायची, पाणी काढायचं आणि ज्याच्या-त्याच्या द्रोणात ओतायचं. कुणी हात बुडवायचा नाही, बाटली बुडवायची नाही, वाकून बघायचंसुद्धा लांबून. खाली उतरलं की द्रोण परत घ्यायचे. एक कमी भरला, तर एक माणूस कमी. साधं काम. मला ते गावठी वाटायचं. मी वहीत नावं लिहून आणायचो आणि वही बसमध्ये विसरायचो.

पण एक भोक होतं त्यात: मी पुढारी, म्हणून मला द्रोण नसायचा. एकदा लेण्याच्या गारव्यात मी जरा पडलो आणि लागली झोप. सगळे उतरले. द्रोण बरोबर भरले. तुम्ही सगळे खाली जेवलात, वैनींनी भांडी घासली, मग कुणीतरी विचारलं म्हणे, "ते केशरीवाले कुठे गेले?" ऊन उतरलं तेव्हा तू वर आलास. मी लेण्याच्या तोंडाशी बसून दरीत हाका मारत होतो, तू पाठीमागून येऊन उभा राहिलास. "जेवायला वाढलंय," एवढंच म्हणालास. अर्ध्यावर आल्यावर हसायला लागलास ते घरापर्यंत हसत होतास. पुढच्या रविवारी माझ्या हातातही द्रोण आला. फाटका. दर वेळी फाटकाच यायचा. माझं पाणी पायावर सांडायचं आणि तुला त्याचा काय आनंद व्हायचा!

आणि आपला वाद. अकरा वर्षं एकच वाद. घाटमाथ्यावर तो दगडी रांजण आहे, त्यापाशी लोक विचारायचे, "हा कशासाठी?" तू सांगायचास, "जकातीचा म्हणतात. मी नव्हतो तवा." संपलं! लोक तोंडाकडे बघत राहायचे. मग मी त्यात मोती भरायचो, रोमचे व्यापारी आणायचो, एका व्यापाऱ्याची मुलगी आणि पहारेकऱ्याचं प्रेमसुद्धा जमवलं होतं. लोक खूश. उतरताना तू कुरकुरायचास.

"कुठं वाचलंस?"

"वाचलं नाही, असंच असणार."

"तू बघितलंस?"

"सोमा, लोक इथे गोष्टीसाठी येतात."

"लोक उनातून वर आले का पाणी मागतात. गोष्ट कोण मागत नाय. ती तू देतोस."

"बरं, एखादी थाप मारली तर कुणाचं काय जातं?"

यावर तू कधीच उत्तर द्यायचा नाहीस. मला वाटायचं, मी जिंकलो.

जानेवारीत उत्तर मिळालं. लग्न ठरलेली जोडी, त्यांचे मित्र, एक फोटोवाला. लग्नाआधीचा व्हिडिओ काढायचा होता, 'काहीतरी ऐतिहासिक' हवं होतं. तू एका गुडघेदुखीवाल्या आत्याबाईंना हात देत मागे राहिला होतास. मी पुढच्यांना घेऊन वर पोचलो. लेण्याशेजारी टाकी आहेत, त्यातल्या तुझ्या त्या पिण्याच्या टाक्यापाशी ती मुलगी थबकली. "किती सुंदर! हे काय आहे?"

खरं उत्तर तीन शब्दांचं होतं. पिण्याचं पाणी, ताई. मी म्हणालो, "हे राणीचं न्हाणीघर."

तिचे डोळे चमकले आणि मी आणखी वाहवलो. राणी पौर्णिमेला इथे फुलांच्या पाण्याने न्हायची, दासी वरून पाकळ्या सोडायच्या. सोमा, मी बोलत होतो आणि मला स्वतःलाच ते दिसत होतं. त्यांनी पिशवीतून गुलाबाच्या पाकळ्या काढल्या. कशाला आणल्या होत्या कोण जाणे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, फेस हवा. शाम्पूची बाटली निघाली. नवरी पायऱ्यांवरून गुडघाभर आत उतरली, नवऱ्याने ओंजळीने पाणी उडवलं. आणि मी? मी थांबवत होतो का? फोटोवाल्याने त्याचा चंदेरी पडदा माझ्या हातात दिला होता, नवरीच्या तोंडावर उजेड पाडायला. मी तो धरून उभा होतो. "जरा डावीकडे," तो म्हणाला, की मी डावीकडे.

तू आत्याबाईंना घेऊन वर आलास. हातात कळशी. फेस बघितलास, पाकळ्या बघितल्यास, मग मला बघितलंस. ओरडशील असं वाटलं. तू कळशी खाली ठेवलीस आणि म्हणालास, "ह्यात माणसं पाणी पितात." त्या पोरीने ते ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला, ती बिचारी लगेच बाहेर आली, माफी मागत राहिली. तिचा काय दोष? तिला मी न्हाणीघर सांगितलं होतं.

खाली आल्यावर तुझ्या अंगणात मी जे बोललो ते आपलं शेवटचं बोलणं ठरलं. वर्षभर गवत कापायला, शेरडं चारायला वर जाणारी तुमची माणसं त्या एका टाक्यावर असतात, हे मला माहीत होतं. तरी मी हसत म्हणालो, "अरे, पावसात भरेलच की पुन्हा."

तू म्हणालास, "पावसाला किती महिने? बोटांवर मोज."

मी मोजले नाहीत. बसमध्ये बसलो. मग तू आणि सुनंदाने सहा दिवस ते टाकं उपसलंत, तळ घासलात, हे मला नंतर कळलं. कळल्यावर मी काय केलं? फोनवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तुझा फोन बटणांचा. त्यावर नुसता चौकोन दिसला असेल. माफी म्हणून मी तुला एक चौकोन पाठवला, आणि उत्तर आलं नाही म्हणून महिनाभर मीच फुगून बसलो.

बाराव्याच्या आदल्या दिवशी मी पाड्यावर आलो. शहापुरातून वीस लिटर पाण्याचा जार आणला होता. डोक्यात एकच, तो वर नेऊन टाक्यात ओतायचा. का, ते विचारू नकोस. सुनंदा म्हणाली, "काका, कशाला?" मी म्हटलं, "नेणार म्हणजे नेणार." ती रिकाम्या हाताने पुढे, मी खांद्यावर जार घेऊन मागे. पहिल्या चढावर कळलं, की वीस लिटर पाण्याला वीस किलो वजन असतं. म्हटलं, जरासं पिऊन हलकं करू. मग तोंड धुतलं. मग झाकणातून गळायला लागलं ते पाठीवरून पायापर्यंत. सुनंदाने दोनदा हात पुढे केला. मी दिला नाही.

वाटेत धाप लागल्याचं निमित्त करून तिला विचारलं. जे रात्रंदिवस डोक्यात होतं ते. "सुनंदा, ते टाकं उपसलं… त्याने तर नाही ना झालं काही?"

ती थांबली. "डाक्टर म्हणला, आधीपास्नं होतं. बाबा सांगत नव्हते." मग चालायला लागली. थोड्या वेळाने पाठमोरीच म्हणाली, "मी नेणार हाय आता लोकांना वर. आईला सांगितलंय."

मला इतकं बरं वाटलं, की मी जवळजवळ जार टाकला. "अगं, मग मी आहेच की! मी माणसं आणतो, तू—"

"आणा. पण टाक्यापाशी तुमी तोंड उघडायचं नाय."

"नाही उघडणार."

"रांजणापाशी पण नाय."

"रांजणापाशी थोडं…"

"काका."

"नाही उघडणार."

टाक्याचा तळ मी पहिल्यांदाच बघितला. इतकी वर्षं पाण्याखाली असलेल्या छिन्नीच्या खुणा, एकेक घाव मोजता येईल इतक्या स्पष्ट. कोण ते कोरत बसलं असेल, कुणासाठी, किती दिवस! कुणाही राणीपेक्षा ती माणसं मला खरी वाटली. तू घासलेला कोपरा नि कोपरा. एका कडेला हातभर ओल. मी जार उलटा केला. वर पोचेपर्यंत त्यात दोन तांबे पाणी उरलं होतं. ते तळावर पसरलं आणि आम्ही बघत असताना दगडाने पिऊन टाकलं. एवढं तर एका शेरडालाही पुरलं नसतं. सुनंदा पहिल्यांदा हसली, मग रडली, मग दोन्ही. मी पण. वर कुणी नव्हतं म्हणून बरं. नाहीतर मी त्यांना सांगितलं असतं, की हे शोकाचं टाकं, इथे येऊन माणसं रडायची.

बघ, सोमा. जात नाही सवय. तू असतास तर विचारलं असतंस, कुठं वाचलंस?

बाराव्याला पाडा जेवला, मीही जेवलो, पाहुणे पांगले. वैनी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. रडून रडून चेहरा लहान झालाय त्यांचा, पण हात तसेच चालतात, खडा दिसला की उडाला. मी समोर जाऊन उकिडवा बसलो. किती तरी वेळ इकडचं तिकडचं बोललो. त्या 'हूं' करत होत्या. शेवटी म्हटलं, "वैनी, एक विचारू?"

"इचारा ना."

"सोमाचा राग गेला होता का माझ्यावरचा?"

त्यांनी वर बघितलं नाही. "नाय."

खरं सांगतो, मी 'हो'ची तयारी करून आलो होतो. 'हो' म्हटल्यावर कसं रडायचं, तेही ठरवलं होतं. "पण पानं लावली होती ना त्याने आदल्या दिवशी…"

"पानं पाव्हण्यांची."

"माझं नाव तरी काढलं असेल?"

"काढलं ना. पानं लावताना शिव्या घालत होता तुमाला." एक खडा उडाला. "सांजभर."

"मग… कधीतरी गेला असता ना राग?"

आता त्या थांबल्या. सुपातल्या तांदळावरून हात फिरवला, जणू त्यात शोधत होत्या. "गेला असता. पाऊस पडला असता, टाकं भरलं असतं, मंग गेला असता. त्याला ऱ्हायलेच नाय दिवस तेवढे."

सोमा, मला वाटलं होतं त्याहून हे वाईट आहे आणि मला वाटलं होतं त्याहून बरंही आहे. तुझा राग होता, आणि त्याला अंत होता, आणि त्या अंताआधी तू गेलास. यात मला काहीही वाकवता येत नाही. पण काय करू, मी मीच आहे.

"वैनी," मी म्हटलं, "त्याच्यावर चार ओळी लिहिणार आहे. शेवटी असं लिहिलं, की जाण्याआधी त्याने मला माफ केलं होतं, तर चालेल का तुम्हाला?"

वैनींनी सूप जमिनीवर ठेवलं आणि बाराव्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"लिवा की, भावजी. तसंबी तुमचं कोण खरं मानतंय?"